कुलूपबंद घरांचा सर्व्हे

दरवर्षी थंडी पडायला लागली की मी जळगावच्या आमच्या कॉलेजात एम.ए.च्या वर्गाला कार्यकारणाचा भाग शिकवायला घेतो. कशामुळे काय घडतं, हे आकडेवारीवरून कसं ओळखायचं, असा तो भाग. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मुलांना पहिल्या तासाला कळतं. त्याच्या उलटं समजायला वेळ लागतो. दोन गोष्टी सोबत दिसल्या नाहीत, म्हणून एकीमुळे दुसरी घडतच नाही, असंही म्हणता येत नाही. कधी कधी आपण जिथे उभे राहून बघतो तिथून ती दिसण्याची सोयच नसते.

हे सांगताना मी एक गोष्ट सांगायचो. धुळ्याकडे एका संस्थेने पाळणाघरांचा सर्व्हे केला. बायकांची मुलं सांभाळली तर त्या जास्त दिवस कामाला जाऊ शकतात का, एवढाच प्रश्न. सर्व्हे करणारा दिवसा गावात जायचा. ज्या बायका कामाला गेल्या, त्यांच्या घरांना कुलूप. मग तो ज्या घरी होत्या त्यांनाच विचारून आला, आणि अहवालात लिहून मोकळा झाला की पाळणाघरामुळे बायका काही जास्त दिवस कामाला जात नाहीत. इथे वर्ग हमखास हसायचा. मीही हसायचो. मग फळ्यावर बाण काढून चूक नेमकी कुठे झाली ते दाखवायचो.

तो सर्व्हे करणारा मी होतो. हे मी वर्गाला कधी सांगितलं नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिलाही नाही. त्या गावचं पाळणाघर चालवणाऱ्या बाईला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. तिच्या पाळणाघरात मी दीड महिना रोज चहा प्यायलो, आणि माझ्या अहवालाने ते बंद पडलं. हे तिच्यासमोर बसून सांगायचं माझ्याच्याने बरीच वर्षं झालं नाही.

त्याला आता वीसेक वर्षं होत आली. मी नुकता एम.ए. होऊन रावेरहून धुळ्याला आलो होतो. तिथे एका लहानशा संशोधन संस्थेत आमच्या सरांच्या हाताखाली काम मिळालं. संस्था म्हणजे दोन खोल्या, एक कॉम्प्युटर आणि सरांचं टेबल. सर मोठे कष्टाळू आणि प्रेमळ होते. मला ते 'केळीवाले' म्हणायचे. मी गावाहून येताना घड आणला की आठवडाभर संस्थेत केळीच केळी, आणि सर कंटाळून म्हणायचे, "केळीवाले, पुढच्या वेळी थोडी ज्वारी आणा."

ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं. इतकं बरं वाटावं याचीच लाज वाटते, पण वाटतं. सकाळी साडेनऊची एसटी पकडायची. खिडकीशी बसलं की आग्रा रोडवरून गाडी सुटायची, कापसाची शेतं दोन्ही बाजूंना पांढरी झालेली असायची, आणि थोड्या वेळाने सोनगीरचा किल्ला दिसायला लागायचा. त्याच्या अलीकडच्या फाट्यावर मी उतरायचो. तिथून गाव पायी वीस मिनिटं. पाठीवर पिशवी, पिशवीत फॉर्मचा गठ्ठा, खिशात दोन पेनं. आपण काहीतरी महत्त्वाचं काम करतो आहोत अशी चाल पायात होती. पुढे मला पगार वाढला, पद वाढलं, पण ती चाल काही परत आली नाही.

गावात शिरलं की पहिलंच पाळणाघर. पत्र्याची एक लांब खोली, बाहेर कडुलिंब, आत सहा-सात साडीच्या झोळ्या टांगलेल्या. अक्का तेव्हा चाळिशीची असेल. अंगाने दणकट, आवाज मोठा, आणि कडेवर कायम कोणाचं तरी पोर. पहिल्या दिवशी मी माझी ओळख करून दिली, प्रश्नावली दाखवली, पाळणाघराचा बायकांच्या रोजगारावर काय परिणाम होतो ते आम्हाला तपासायचंय म्हणून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "ते ठीक शे भाऊ. पन पह्यले हाई पोर धर जरा, मी दूध उतारी लेस."

त्या खोलीच्या दाराशेजारी भिंतीवर खिळ्यांच्या दोन ओळी होत्या आणि प्रत्येक खिळ्याला एक किल्ली. किल्लीला वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. कापसाच्या वेचणीला जाणारी बाई सकाळी पोर अक्काजवळ द्यायची आणि घराची किल्लीही द्यायची. शेतात किल्ली हरवायची भीती, शिवाय मोठी मुलं शाळेतून आली की अक्काकडून किल्ली घेऊन घर उघडायची. लाल चिंधी कोणाची, हिरवी कोणाची, हे गावातल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. मी रोज त्या भिंतीखाली बसून फॉर्म नीट लावायचो, डोकं वर केलं की किल्ल्या दिसायच्या, आणि मला त्यात काही दिसायचं नाही.

आता काम कसं चालायचं ते सांगतो, कारण चूक त्यातच आहे. आमच्याकडे घरांची यादी होती. चिठ्ठ्या टाकून काढावी तशी, कोणाचीही मर्जी न चालता निघालेली. त्या यादीतल्या घरी जायचं. घराला कुलूप असेल तर पुन्हा जायचं. एकूण तीन खेपा करायच्या, त्यातली एक संध्याकाळची. तीनदा जाऊनही कोणी भेटलं नाही, तरच शेजारचं उघडं घर घ्यायचं. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात तीन चौकोन होते, प्रत्येक खेपेला एक खूण करायची.

मी रावेरकडच्या केळीच्या शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या घराला दिवसा कुलूप लागलेलं मी लहानपणी पाहिलंच नव्हतं. घरात आजी, काकू, आई, सालदाराची बायको, कोणी ना कोणी असायचंच. दिवसा कुलूप म्हणजे सगळे लग्नाला गेले नाहीतर मयतीला गेले, एवढंच मला ठाऊक. त्यामुळे त्या गावातलं कुलूप पाहून माझ्या मनात यायचं की ही माणसं परगावी गेली असतील. आज एक गेलं, उद्या दुसरं जाईल, त्याने हिशेबात काय फरक पडतो? कुलूप लागण्याचं काही कारण असेल, आणि तेच कारण मी शोधायला आलो असेन, असं डोक्यात आलंच नाही.

खरं तर आलं नाही असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. अक्काने मला सांगितलं होतं. एकदा मी तिसऱ्या प्रहरी पाय ओढत आलो, पाणी प्यायलो, आणि कुरकुर केली की आज सात घरं बंद. झोळी हलवता हलवता तिने भिंतीवरच्या किल्ल्यांकडे मान वळवली. म्हणाली, "बंदच ऱ्हातीन ना भाऊ. बठ्ठ्या वेचाले जातस. जिनी चाबी आठे शे, तिलेच इचार. संध्याकायले ये, बठ्ठ्या भेटतीन."

बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. मी म्हणालो, "अक्का, यादीत असेल त्यालाच विचारायचं असतं. आमचे नियम असतात."

"मंग नियममा संध्याकाय नही का?"

नियमात संध्याकाळ होती. पण माझी शेवटची सोयीची गाडी साडेपाचला होती. त्यानंतरची गाडी आठला, ती धुळ्याला पोचेपर्यंत साडेआठ. आणि त्या थंडीत माझ्या संध्याकाळी दुसऱ्याच कोणाच्या होत्या. संस्थेच्या शेजारच्या वाचनालयात काम करणारी एक मुलगी सहाला सुटायची. मग आम्ही पांझरेच्या काठाने चालायचो, देवळाजवळ एकाच्या गाडीवर गरम भजी घ्यायचो, आणि ती साडेसातला घरी जायची. दीड तास. दिवसभर मी त्या दीड तासाकडे बघत असायचो. आज ती माझी बायको आहे.

तेव्हा मी काय केलं ते सरळ लिहितो. दुपारी कुलूप दिसलं की पहिल्या चौकोनात खूण. तासाभराने त्याच गल्लीतून जाताना, दाराकडे न बघताच, दुसरी खूण. आणि साडेपाचच्या गाडीत बसल्यावर, मांडीवर फॉर्म ठेवून, तिसरी खूण. संध्याकाळची खेप गाडीतच व्हायची. दुसऱ्या दिवशी शेजारचं उघडं घर घ्यायचो. त्या घरात बाळंतीण असायची, आजारी बाई असायची, नाहीतर जिच्या घरचे तिला रोजंदारीला पाठवत नाहीत अशी कोणी. गेल्या महिन्यात किती दिवस कामाला गेलात? नाही गेले. मी शून्य लिहायचो.

तुलनेसाठी पाळणाघर नसलेलं दुसरं एक गाव होतं. तिथे मला कामाला गेलेल्या बाईचंही घर उघडं मिळायचं. कारण तिथे धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी शाळा बुडवून घरी राहिलेली असायची, किंवा म्हातारी सासू. मुलगी सांगायची, आई रोज वेचणीला जाते; सासू सांगायची, सून जाते. मी लिहून घ्यायचो. म्हणजे पाळणाघर नसलेल्या गावात कामाला जाणारी बाई माझ्या फॉर्मवर यायची, आणि पाळणाघर असलेल्या गावात ती आई शेतात, मुलगी शाळेत, बाळ अक्काच्या झोळीत, असं सगळं सुरळीत झाल्यामुळेच माझ्या फॉर्मवरून गळायची. पाळणाघर जितकं चांगलं चालायचं, तितकं ते माझ्या आकड्यांत वाईट दिसायचं. हे आज तीन वाक्यांत सांगता येतं. तेव्हा मला दीड महिन्यात कळलं नाही.

आकडे कॉम्प्युटरवर चढवले. पाळणाघराचा काही परिणाम दिसेना. सर म्हणाले, गावागावांत फरक असतो, तो काढून टाका. मग मी जमीन किती, शिक्षण किती, घरात माणसं किती, विहीर आहे का, असं एकेक घालत गेलो. आमच्या धंद्यात याला नियंत्रण म्हणतात. सारख्याला सारख्याशी ताडून बघायचं. ते चांगलंच काम आहे, पण जी बाई फॉर्मवरच नाही तिला कोणत्याही नियंत्रणाने परत आणता येत नाही. तक्ता मात्र रुंद होत गेला आणि रुंद तक्ता पाहून सर खूश. म्हणाले, "केळीवाले, एवढी गाळणी लावूनही काही निघत नाही, म्हणजे नाहीच." मीही खूश झालो. माझं नाव अहवालावर दुसरं होतं.

पाळणाघरांना मदत देणाऱ्या मंडळींनी अहवाल वाचला आणि पुढच्या हंगामाआधी त्या भागातली पाळणाघरं बंद केली. सरांनी मला ते जाता जाता सांगितलं. मी "अच्छा" म्हणालो. मग माझं लग्न झालं, जळगावला नोकरी लागली. धुळं सुटलं.

चूक मला कळली ती खूप नंतर, एका प्रशिक्षणात. आमच्या विषयात कार्यकारणाकडे जायच्या दोन मोठ्या वाटा. एका वाटेने जाणारे विचारतात, ही गोष्ट झाली नसती तर याच माणसाचं काय झालं असतं? ते तर कधी दिसत नाही, म्हणून ते त्याच्यासारखा दुसरा माणूस शोधतात. दुसऱ्या वाटेने जाणारे आधी कागदावर बाण काढतात, कशातून काय येतं, आणि मगच आकड्यांना हात लावतात. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी सांगितलं, स्वतःच्या जुन्या एखाद्या कामाचे बाण काढा. मी हौसेने पाळणाघर घेतलं. पाळणाघरातून एक बाण आईच्या कामाकडे. आईच्या कामातून एक बाण घराच्या कुलपाकडे. बाईंनी माझ्या खांद्यावरून बघितलं आणि विचारलं, "आणि कुलपातून?" मी पेन टेकवलं. कुलपातून एक बाण माझ्या फॉर्मकडे जात होता. कुलूप असेल तर फॉर्म नाही. मी ज्याचा शोध घेत होतो त्यानेच माझी घरं निवडली होती.

बाई म्हणाल्या, "छान उदाहरण आहे. शिकवायला वापरा."

आणि मी ते वापरलं. आठ-नऊ वर्षं वापरलं. 'एका संस्थेने' असं म्हणून. माझी समजूत अशी होती की मुलांना शिकवतोय म्हणजे एक प्रकारे भरपाईच चालली आहे. पण त्या गोष्टीत मी गाडीतल्या तिसऱ्या खुणेचा भाग कधीच सांगितला नाही. सांगितला असता तर ती चूक राहिली नसती, लबाडी झाली असती.

मागच्या हिवाळ्यात वर्ग नेहमीसारखा हसला. शेवटच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. शिंदखेड्याकडची होती, फारसं बोलायची नाही. तिने विचारलं, "सर, मग त्या पाळणाघराचं काय झालं?"

मी म्हणालो, "कल्पना नाही."

ती म्हणाली, "कोणी विचारलं नाही का नंतर?"

"नाही," मी म्हणालो आणि फळा पुसायला घेतला.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. खुणांचंही. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "म्हणजे आपण भजी खात होतो तेव्हा तुम्ही त्या गावात असायला पाहिजे होतं."

"हो."

"आणि मला म्हणायचात, आज काम लवकर आटोपलं."

"हो."

"मलाही त्यात ओढलंत तुम्ही," ती म्हणाली. "जा आणि त्या बाईला सांगून या. आणि तिथे जाऊन रडत बसू नका. त्यांनाच तुमची समजूत काढावी लागेल."

म्हणून एका रविवारी मी गेलो. फाट्यावर आता हॉटेलं झाली आहेत, रस्ता ओलांडायला वेळ लागतो. किल्ला तसाच. पाळणाघराच्या जागी खताचं गोदाम आहे, कडुलिंब शिल्लक आहे. एकाला विचारलं तर त्याने अक्काचं घर दाखवलं. ओट्यावर तिचा नवरा, गावाचे नाना, खाटेवर बसले होते. अक्का दारात मिरच्यांचे देठ खुडत होती. केस पांढरे झालेले, आवाज तेवढाच. मी ओळख सांगितली. तिने डोळे बारीक केले.

"तो लिखनारा भाऊ? रोज चहा पेवाले येवाना तो?"

"तोच."

"जाडा व्हयना रे तू," ती म्हणाली. नाना हसले. चहा आला.

मी पाठ करून आलो होतो, पण पाठ केलेलं काही कामाला आलं नाही. मी म्हणालो, "अक्का, तुझं पाळणाघर माझ्यामुळे बंद पडलं. ते सांगायला आलोय."

ती हसली. "तुन्हामुये कसं? ते मन्हामुये बंद पडनं. बठ्ठा गावले म्हाईत शे."

मग तिने सांगितलं ते मला नवीन होतं. आमचा सर्व्हे संपल्यावर महिन्याभरात तिच्या धाकट्या जावेचा मुलगा पाळणाघरात पडला. उंबऱ्यावर कपाळ आपटलं, टाके पडले. जाऊ वेचणीवरून आली आणि गल्लीभर ओरडली की आता मी वर तक्रार करते. तक्रार केली की नाही ते अक्काला ठाऊक नाही, पण पुढच्या हंगामाला पाळणाघर बंद झालं. गावाने त्याचे दोन अर्थ लावले. अर्धे म्हणाले अक्काने पोर पाडलं म्हणून गेलं, अर्धे म्हणाले जावेने तक्रार केली म्हणून गेलं. दोन्ही घरं समोरासमोर. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

नाना म्हणाले, "मी हिले अजून म्हनस, तू त्या दिवशी दूध उताराले नसती गई ते पोऱ्या नसता पडता."

"रोज म्हनतस," अक्का म्हणाली. "जेवताना बी म्हनतस."

मी सांगितलं, नाना, तसं नव्हतं. पोर पडायच्या आधीच माझे फॉर्म भरून झाले होते, आणि अहवाल गेला त्यात त्या पडण्याचं अक्षर नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. बाण वगैरे काही नाही. कुलूप असलेली घरं मी सोडली आणि उघड्या घरात बसलेल्यांना विचारून लिहिलं की या गावच्या बायका कामाला जात नाहीत. तीनदा यायचं होतं, मी एकदाच आलो. दोन खुणा खोट्या.

अक्काने देठ खुडणं थांबवलं. "मी तुले सांगं व्हतं. चाबीवालीले इचार म्हनीसन."

"सांगितलं होतंस."

"मंग तू बराबर लिखं अस्तं, ते चालू ऱ्हायनं अस्तं?"

या प्रश्नावर आमच्या विषयाचं अर्धं कपाट भरलेलं आहे. मी खरं तेच सांगितलं. "माहीत नाही, अक्का. पैसे आटले असते तर तसंही बंद झालं असतं. पण अहवालात बंद करायचं कारण लिहिलेलं होतं, आणि ते खोटं होतं. तुझ्या हातून पोर पडलं, हे कारण कोणाच्या कागदावर नव्हतं. एवढं मी खात्रीने सांगतो."

"इतलं शिकीसन बी म्हाईत नही म्हनस," ती नानांना म्हणाली. मला वाटलं आता ती मला जा म्हणेल. तिने पदराला हात पुसले आणि उठली. "चाल मन्हासंगे. हाई तिले सांग."

गल्ली ओलांडायला दहा पावलं लागली. जाऊ अंगणात दळण निवडत होती. अक्का तिच्या दारात उभी राहिलेली पाहून तिचा हात सुपातच राहिला. अक्का तिच्याशी बोलली नाही. मलाच म्हणाली, "सांग."

मी उभ्याने सांगितलं. जाऊ ऐकताना माझ्याकडे बघत नव्हती, अक्काच्या पायांकडे बघत होती. मी संपवल्यावर म्हणाली, "आम्ही शेतमा व्हतूत, म्हनीसन आम्ही कामले जात नही. आसं लिखं?"

"हो."

"मी तक्रार कई नव्हती," ती म्हणाली. हे मला उद्देशून नव्हतं. अक्का म्हणाली, "मले काय म्हाईत." जावेने सूप बाजूला सारलं आणि घोंगडी पसरली, दोघी बसतील अशी. अक्का टोकाला बसली. मला कोणी बस म्हटलं नाही, म्हणून मी उभाच राहिलो.

जावेने मग मला विचारलं, "तीनदा येवानं व्हतं ते का बरं नही उना? संध्याकायले आम्ही बठ्ठ्या घरमा ऱ्हाऊत."

मी इथवर येऊनही हे टाळता येईल अशी आशा धरून होतो. म्हणालो, "संध्याकाळी मला धुळ्याला एका मुलीला भेटायचं असायचं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. अक्काने विचारलं, "मंग लगीन व्हयनं का तिन्हासंगे?"

"झालं."

"तितलं तरी व्हयनं," अक्का म्हणाली. जाऊ हसायला लागली, पण तिचं हसू लवकर संपलं. तिने सांगितलं, पाळणाघर बंद झाल्यावर टाके पडलेल्या त्या मुलाला सांभाळायला तिने मोठ्या मुलीला सहावीतून घरी बसवलं. एकच हंगाम म्हणून बसवलं, ती पुन्हा गेलीच नाही. आता ती दोंडाईच्याकडे दिली आहे, स्वतःच वेचणीला जाते. तिच्या मनात अजून आहे की आईने रागाने तक्रार केली, म्हणून पाळणाघर गेलं आणि म्हणून शाळा गेली. सणाला आली की एकदा तरी ते निघतंच.

माझ्या तक्त्यात त्या मुलीसाठी रकाना नव्हता. आम्ही आईच्या कामाचे दिवस मोजायला गेलो होतो, मुलीच्या शाळेचा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

जावेने कमरेच्या पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "तिले बी सांग. मी सांगं ते ती ऐकाव नही."

पलीकडे खूप आवाज होता, गाडीचा आणि बायकांच्या बोलण्याचा. मी कोण, कुठून बोलतोय, आणि तिच्या आईने तक्रार केलीच नव्हती, इथपर्यंत आलो. तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, टेम्पोत बसली आहे, काही ऐकू येत नाही, जोरात बोला.

शेजारच्या ओट्यावर दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. नाना त्यांच्या दारातून बघत होते. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पहिल्यापासून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, सांगायला सुरुवात केली.